बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला काय द्यावं? एका घरगुती प्रश्नाचा संशोधन-प्रश्न करताना

पीएचडीला प्रवेश घेतला की घरचे लोक दोनच प्रकारचे प्रश्न विचारतात. एक, "कधी संपणार?" आणि दुसरा, "तू सायन्सची ना, मग तूच सांग..." या दुसऱ्या प्रकारातला माझ्या वाट्याला आलेला ताजा प्रश्न असा: भाचीचा पहिला वाढदिवस आहे. सगळ्यांनी मिळून अडीच हजार रुपये काढायचे आणि अक्षरं, आकडे, प्राण्यांचे आवाज ऐकवणारा खेळण्यातला लॅपटॉप घ्यायचा, असं जवळजवळ ठरलंय. खोक्यावर "मेंदूच्या विकासासाठी" असं लिहिलंय. तर घ्यावा का?

माझा विषय रसायनशास्त्र. बालविकासातलं माझं औपचारिक शिक्षण शून्य. पण आपल्या विषयाबाहेरचे पेपर वाचून निर्णयापुरतं उत्तर काढता येणं, हे काम संशोधनात सतत लागतं आणि पेट-नेटच्या तयारीत ते कोणी शिकवत नाही. म्हणून हा प्रश्न मी कसा सोडवला ते इथे मांडते आहे. पैसे सगळ्यांचे आहेत, बाळ माझ्या ताईचं आहे, त्यामुळे "अजून संशोधनाची गरज आहे" असं म्हणून सुटण्याची सोय नव्हती.

आधी प्रश्न फोडायचा

"एक वर्षाच्या बाळासाठी सगळ्यात चांगली भेट कोणती?" हा संशोधन-प्रश्न नाही. "चांगली" मोजणार कशी? हा शब्द फोडला की त्यातून निदान चार वेगळे प्रश्न निघतात. बाळाला इजा होणार नाही ना? बाळ त्या वस्तूशी खेळेल का? खेळून काही शिकेल का? आणि आईबाबांना ती आवडेल का? चारही प्रश्नांची मापं वेगळी, पुरावे वेगळे आणि ते पुरावे देणारी माणसंही वेगळी.

चौथ्या प्रश्नावर फार वेळ घालवत नाही. भेटवस्तूंवर संशोधन करणाऱ्या गलाक, गिव्ही आणि विल्यम्स यांनी २०१६ मध्ये एक उपयोगी मुद्दा मांडला: देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भेट उघडण्याचा क्षण असतो, तर घेणाऱ्याला ती पुढे वापरायची असते. एक वर्षाच्या बाळाच्या बाबतीत तर गंमतच आहे. वाढदिवस म्हणजे काय हे त्याला माहीत नसतं, त्यामुळे उघडण्याचा क्षण हा पूर्णपणे मोठ्यांचा कार्यक्रम. बाळ बहुतेक खोक्याशीच खेळणार. लॅपटॉपची कल्पना याच क्षणातून आली असावी अशी मला दाट शंका आहे, पण हे मी घरी बोलले नाही.

इजा: इथे मोजमाप सगळ्यात स्पष्ट आहे

सुरक्षिततेपासून सुरुवात करायची, कारण इथे उत्तर "नाही" आलं तर बाकीचे तीन प्रश्न विचारायची गरजच उरत नाही.

"हा तुकडा बाळाच्या घशात अडकेल का?" याची चाचणी बाळावर करता येत नाही. मग काय करायचं? खेळण्यांच्या मानकांमध्ये यासाठी एक छोटं दंडगोल भांडं वापरतात. त्याचा आतला व्यास ३१.७ मिलिमीटर, आणि तळ तिरका असल्यामुळे खोली एका बाजूला २५.४ तर दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा कुठलाही सुटा भाग, कसाही फिरवून, न दाबता या भांड्यात पूर्ण मावला तर तो "लहान भाग" ठरतो आणि खेळणं नापास होतं. अंदाजासाठी सांगते, दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे. म्हणजे त्या नाण्याहून थोडी मोठी वस्तूसुद्धा धोक्यात मोडते.

हे भांडं मला फार आवडतं. एक भीतिदायक, धूसर प्रश्न कोणीतरी हो किंवा नाही अशा उत्तरात बसवला. संशोधनाच्या भाषेत याला संकल्पनेची कार्यकारी व्याख्या म्हणतात, आणि मुलाखतीत त्यावर प्रश्न आला तर पाठ्यपुस्तकातल्या वाक्यापेक्षा हे उदाहरण द्या. सोबत त्याची मर्यादाही सांगा. भांडं कडक आहे, घसा मऊ आहे. फुटलेल्या फुग्याचा तुकडा आकार बदलतो आणि श्वासनलिकेवर पडद्यासारखा बसू शकतो. तो धोका या मापात पकडला जात नाही. (वाढदिवसाला घरभर फुगे लावणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं. माझ्या मते त्या दिवशी घरातली सगळ्यात धोकादायक वस्तू भेटवस्तूंच्या ढिगात नसते, भिंतीवर चिकटवलेली असते.)

दुसरी गोष्ट रंग. एक वर्षाचं बाळ हातात येईल ते तोंडात घालतं. रंगातलं शिसं पोटात गेलं तर? इथे माझा विषय आला, म्हणून जरा रेंगाळते. मानकात बघितलं जातं ते रंगात एकूण शिसं किती आहे यापेक्षा त्यातलं किती सुटून बाहेर येतं, हे. त्यासाठी रंगाचा खरवडलेला नमुना ०.०७ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, ३७ अंश सेल्सिअसला, एक तास हलवत आणि एक तास स्थिर ठेवतात. आम्ल म्हणजे जठररस, ३७ अंश म्हणजे शरीराचं तापमान. थोडक्यात, टेबलावर मांडलेलं एक नकली पोट. मग आम्लात उतरलेल्या आठ मूलद्रव्यांचं मोजमाप होतं. शिशाची मर्यादा आहे किलोला ९० मिलिग्रॅम, कॅडमियमची ७५, पाऱ्याची ६०. रक्तातल्या शिशाची कुठलीच पातळी सुरक्षित मानता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. त्यामुळे ९० हा आकडा वाचताना "इतकं चालतं" असं न वाचता "याहून जास्त असेल तर विकताच येणार नाही" असं वाचायचं.

तिसरी गोष्ट बटण सेल. आपला लॅपटॉप इथे अडखळण्याची शक्यता असते. अनेकांना वाटतं की सेल गिळला तर आतलं रसायन गळून इजा होते. मुख्य कारण ते नाही. ओलसर अन्ननलिकेत सेल अडकला की दोन ध्रुवांमधून प्रवाह वाहतो, पाण्याचं विघटन होतं आणि ऋण ध्रुवापाशी हायड्रॉक्साइड तयार होतं. तिथला पीएच झपाट्याने वाढतो आणि ऊती जळतात. दोन तासांतही गंभीर भाजू शकतं. २० मिलिमीटरचे, तीन व्होल्टचे लिथियम सेल सगळ्यात घातक, कारण ते लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमके अडकतात. त्यामुळे सेलवर चालणारं कुठलंही खेळणं घेताना सेलचा कप्पा स्क्रूने बंद आहे का ते आधी बघा. नुसतं नखाने उघडत असेल तर ठेवून द्या. आणि बाळाने सेल गिळल्याची शंका आली तर "शीतून निघून जाईल" म्हणत वाट न बघता लगेच रुग्णालय गाठायचं.

हे सगळं दुकानात उभं राहून तपासता येत नाही, म्हणून शिक्का बघायचा. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. साध्या खेळण्यांना आयएस ९८७३ ही मानकमालिका लागू होते, विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४. एक अपवाद लक्षात ठेवा: नोंदणीकृत हस्तकला कारागिरांनी बनवून विकलेली खेळणी आणि भौगोलिक मानांकन असलेली उत्पादनं यांना या सक्तीतून सूट आहे. त्यामुळे चन्नपट्टणच्या लाखेच्या खेळण्यावर चिन्ह दिसलं नाही तर ते बेकायदा ठरत नाही. पण चाचणी होऊन पास झालं असंही त्यातून सिद्ध होत नाही. तिथे रंग कोणता, सुटे भाग किती, हे विचारूनच घ्यावं लागतं. सावंतवाडीची लाकडी फळं शोकेसमध्ये देखणी दिसतात, मला स्वतःला फार आवडतात, पण दात येणाऱ्या बाळाच्या हातात देण्याआधी हेच प्रश्न.

"१२ महिने+" म्हणजे नेमकं कोण?

खोक्यावर वय लिहिलेलं असतं. त्यातली "तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही" ही सूचना सुरक्षिततेची असते. "आमचं बाळ हुशार आहे, त्याला चालेल" हा युक्तिवाद तिथे लागू पडत नाही, कारण हुशार बाळाचा घसासुद्धा तेवढाच अरुंद असतो.

"१२ महिने+" ची गोष्ट वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या ८१६ मुलांच्या हालचालींचे टप्पे नोंदवले, ते २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. आधाराशिवाय चालण्याचा काळ निघाला ८.२ ते १७.६ महिने, पहिल्या ते ९९व्या शतमकापर्यंत. म्हणजे पहिल्या वाढदिवसाला एक बाळ घरभर पळत असेल आणि दुसरं अजून कॉट धरून उभं राहत असेल, आणि दोघांचंही व्यवस्थित चाललेलं असेल. सरासरी सांगणारा माणूस अर्धीच माहिती देतो. पसरण विचारा. ढकलायची गाडी घ्यायची असेल तर बाळाचं वय विचारण्यापेक्षा "उभी राहते का?" हे विचारलेलं बरं.

गाडीवरून आठवलं. आपला लाकडी पांगुळगाडा बाळ उभं राहून ढकलतं. बाळाला मधोमध बसवायचा चाकांचा वॉकर ही निराळी वस्तू आहे. जिन्यावरून पडण्यासारख्या अपघातांमुळे कॅनडाने २००४ मध्ये त्याच्यावर पूर्ण बंदी घातली. दोन्हींना आपण "वॉकर"च म्हणतो, त्यामुळे भेट सुचवताना घोळ होतो.

आता मुख्य दावा: लॅपटॉपने बाळ शिकेल का?

यासाठी सगळ्यात जवळचा पेपर मिळाला तो अ‍ॅना सोसा यांचा, जामा पीडियाट्रिक्स, २०१६. अमेरिकेतल्या २६ पालक-बाळ जोड्या, बाळांची वयं १० ते १६ महिने. प्रत्येक घरात तीन प्रकारची खेळणी दिली. एक, इलेक्ट्रॉनिक: त्यात खेळण्यातला लॅपटॉप होताच, शिवाय बोलणारं शेतघर आणि फोन. दोन, साधी: लाकडी कोडं, आकार घालायचा डबा, चित्रांचे ठोकळे. तीन, जाड पुठ्ठ्याच्या पानांची पुस्तकं. घरात एक रेकॉर्डर ठेवला आणि खेळताना कोण किती बोलतं ते मोजलं.

पालकांचे शब्द मिनिटाला सरासरी असे निघाले: इलेक्ट्रॉनिक खेळण्यांबरोबर सुमारे ४०, साध्या खेळण्यांबरोबर ५६, पुस्तकांबरोबर ६७. बाळ आणि पालक यांच्यात आळीपाळीने होणारं "बोलणं"ही इलेक्ट्रॉनिक खेळण्यांबरोबर कमी झालं. खेळणं बोलायला लागलं की माणूस गप्प बसतो. सांगितल्यावर हे उघड वाटतं, पण कोणीतरी मोजेपर्यंत ते फक्त वाटणंच होतं.

२६ हा आकडा बघून तुम्ही नाक मुरडलं असेल. थांबा. इथे प्रत्येक जोडी तिन्ही खेळण्यांशी खेळली, म्हणजे तुलना त्याच घराची त्याच घराशी झाली. मुळात बडबड्या आई आणि अबोल आई यांच्यातला फरक अशा रचनेत मध्ये येत नाही, म्हणून कमी नमुन्यातही परिणाम दिसू शकतो. नमुना लहान आहे एवढं म्हणून पेपर बाजूला सारणं हा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा आवडता छंद आहे. आधी रचना बघा, मग आकडा.

खरी मर्यादा दुसरीकडे आहे. सोसा यांनी मोजलं ते खेळतानाचं बोलणं. त्या बाळांची भाषा पुढे कशी झाली हे मोजलेलं नाही. जास्त बोलणं ऐकलेल्या मुलांची भाषा चांगली विकसित होते असं सांगणारं संशोधन वेगळं आहे, आणि हे दोन दुवे आपण वाचताना मनात जोडतो. जोडायला हरकत नाही, पण जोड आपण दिली आहे हे लक्षात असू द्या.

मग थेट शिकणं कोणी मोजलंय का? खेळण्यातल्या लॅपटॉपवर नाही, पण त्याच्या थोरल्या भावंडावर, म्हणजे बाळांना शब्द शिकवण्याचा दावा करणाऱ्या डीव्हीडीवर. ज्युडी डीलोश आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १२ ते १८ महिन्यांच्या बाळांचे चार गट केले. एकाने डीव्हीडी पालकांबरोबर बघितली, दुसऱ्याने एकट्याने, तिसऱ्याच्या पालकांना फक्त शब्दांची यादी दिली आणि "रोजच्या व्यवहारात जमेल तसं शिकवा" असं सांगितलं, चौथ्याला काहीच दिलं नाही. चार आठवड्यांनी डीव्हीडीवाल्या बाळांना काहीच न मिळालेल्यांपेक्षा जास्त शब्द येत नव्हते. सगळ्यात पुढे होता यादीवाला गट.

इथे चौथा गट नसता तर काय झालं असतं विचार करा. महिनाभरात बाळं आपोआप काही शब्द शिकतातच, आणि ते सगळं श्रेय डीव्हीडीला गेलं असतं. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: ज्या पालकांना डीव्हीडी स्वतःला आवडली होती, त्यांना आपलं बाळ तिच्यातून जास्त शिकलं असं वाटत होतं. ऑनलाइन दुकानातले पाच ताऱ्यांचे अभिप्राय वाचताना माझ्या डोक्यात आता हेच वाक्य असतं.

जो पेपर आपल्याला हवा तेच सांगतो, तो दोनदा वाचा

आता मी साध्या खेळण्यांच्या बाजूला झुकले होते, त्यामुळे ठोकळ्यांवरचा पेपर मिळाल्यावर साहजिकच आनंद झाला. डिमिट्री ख्रिस्ताकिस आणि सहकारी, २००७. दीड ते अडीच वर्षांची १७५ मुलं, यादृच्छिक पद्धतीने दोन गट, एकाला ठोकळे घरपोच. ठोकळेवाल्या मुलांचे भाषेचे गुण जास्त निघाले. उत्तम! पण शेवटच्या भागात जा: अभ्यासाला पैसा ठोकळे बनवणाऱ्या कंपनीचा. यावरून निष्कर्ष खोटा ठरत नाही, आणि लेखकांनी ते लपवलेलंही नाही. मला जास्त खटकलं ते दुसरं. ठोकळ्यांसोबत पालकांना "यांच्याशी असं खेळा" अशा सूचनांची पत्रकंही गेली होती. मग परिणाम ठोकळ्यांचा की पत्रकांचा? पत्रक देऊन ठोकळे न देणारा तिसरा गट असता तर कळलं असतं. शिवाय ही मुलं आमच्या बाळापेक्षा बरीच मोठी.

वयाची हीच अडचण खेळण्यांच्या संख्येवरच्या अभ्यासात आहे. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या २०१८ मधल्या पेपरात ३६ मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळण्यांसोबत खेळू दिलं. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त प्रकारे खेळली. पण वय १८ ते ३० महिने. एक वर्षाच्या बाळालाही हे लागू होईल असं मला वाटतं, आणि "वाटतं" हा शब्द इथे मुद्दाम ठेवला आहे.

एक वर्षाचं बाळ स्वतः काय करत असतं, याबद्दल पियाजेचं जुनं निरीक्षण अजून उपयोगी आहे. या वयाच्या आसपास बाळ वस्तू नुसती टाकत नाही, वेगवेगळ्या उंचीवरून, वेगवेगळ्या प्रकारे टाकून काय होतं ते बघतं. चमचा बाराव्यांदा खाली पडतो तेव्हा आपल्याला तो त्रास वाटतो, बाळाच्या दृष्टीने ती पुनरावृत्ती चाचणी असते. (पियाजेचा सुरुवातीचा नमुना: स्वतःची तीन मुलं. आजच्या परीक्षकांनी काय शेरा मारला असता!) म्हणून टाकता, भरता, ओतता, लपवता येणारी वस्तू या वयाला चपखल बसते. एकच बटण दाबून एकच गाणं वाजवणाऱ्या वस्तूत प्रयोगाला जागा कमी.

मग घेतलं काय

आयएसआय चिन्ह असलेला, एकात एक बसणाऱ्या मोठ्या वाट्यांचा संच. सगळ्यात लहान वाटीसुद्धा ३१.७ मिलिमीटरच्या बरीच वर. आणि जाड पुठ्ठ्याच्या पानांची तीन मराठी चित्रपुस्तकं, कोपरे गोल असलेली. पुस्तकं मराठी घेतली, कारण भाचीशी दिवसभर बोलणारी व्यक्ती तिची आजी आहे आणि आजींना जे वाचून दाखवणं सहज जमेल तेच पुस्तक रोज उघडलं जाईल. एकूण खर्च हजाराच्या आत. उरलेले पैसे ताईच्या हातात दिले, तिला डायपर घ्यायचे होते. लॅपटॉपला पाठिंबा देणारे काका थोडे नाराज झाले. पुरावा दाखवून माणसाचा उत्साह परत आणता येत नाही, तिथे "काका, पुस्तक तुम्हीच वाचून दाखवा" हे जास्त कामाला आलं.

संशोधनाचा विषय शोधत असाल तर इथे एक मोकळी जागा आहे. सोसा यांच्या अभ्यासात एक पालक आणि एक बाळ होतं. आपल्याकडे खेळताना आजी असते, आत्या येऊन बसते, शेजारची दोन मुलं घुसतात. खेळणं बोलायला लागलं तर अशा भरलेल्या घरातही मोठ्यांचं बोलणं कमी होतं का? रचना तीच ठेवता येईल: प्रत्येक घर तिन्ही प्रकारच्या खेळण्यांशी खेळेल, क्रम घरागणिक बदलायचा, म्हणजे बाळ शेवटी कंटाळल्याचा दोष एकाच खेळण्यावर जाणार नाही. शब्द मोजायला स्वयंचलित सॉफ्टवेअर वापरणार असाल तर आधी काही मिनिटांचं रेकॉर्डिंग हाताने लिहून काढा आणि मराठीत ते बरोबर मोजतं का ते तपासा, विशेषतः तीन माणसं एकदम बोलतात तेव्हा. आणि नीतिविषयक समितीकडे अर्ज करताना एक रकाना विसरू नका. बाळाच्या वतीने आईबाबा संमती देतील, पण त्या रेकॉर्डरमध्ये आजी, कामाला येणाऱ्या मावशी आणि दारात उभे राहून बोलणारे शेजारीही येणार आहेत. त्यांची संमती कशी घेणार, हे पहिल्या मसुद्यातच लिहावं लागेल.